घाम येणारी तिजोरी

संपादक घरी आले आणि म्हणाले, "बबनराव, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याचं काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, "लोकांना तिजोरीच्या आतलं ऐकायला आवडतं. आतलं मी जन्मात कधी निरखून बघितलं नाही. बाहेरचं चालेल का?" ते म्हणाले, चालेल. तेव्हा हे बाहेरचं.

माझं शिक्षण चौथी नापास. गुरुजींनी मला नापास केलं आणि मी गुरुजींना, पुन्हा आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पुढं पुण्यात तिजोऱ्यांच्या एका कारखान्यात हमालीला लागलो. हमालाचा हेल्पर झालो, हेल्परचा फिटर झालो, मग मालकाशी भांडून भोरजवळच्या आमच्या गावी, उत्रोलीला परत आलो. कशावरून भांडलो ते सांगत बसत नाही. बरोबर मी होतो एवढं पुरे.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तिजोरीचं काम करणारा त्या काळात मी एकटा. किल्ली हरवली, बोलवा बबन्याला. कुलूप अडकलं, बोलवा बबन्याला. कुणी नवी तिजोरी बनवून मागितली तर तीही मी बनवायचो, माझ्या हातानं, घरामागच्या छपरात.

आता माझी नात पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. परवा ती मोबाईलवर एक फोटो दाखवून म्हणाली, "आजोबा, हे बघा, आमच्या ऑफिसात नवी तिजोरी आली. डिजिटल डेटासाठी. आग लागली तरी आतल्या डिस्क आणि टेप वाचतात. परदेशातनं मागवलीय." मी चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, "असली तिजोरी मी तुझ्या बापाच्या जन्माच्या सुमाराला भोरात बनवली होती. भाताच्या तुसाच्या राखेची." पोरगी हसली. तिला वाटलं म्हातारा फेकतोय. म्हणून हे लिहायला घेतलं. हसणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिजोरी दोन जातींची. एक चोरासाठी, एक आगीसाठी. चोरासाठीची म्हणजे जाड पोलाद, घणानं हाणलं तरी फुटणार नाही. पण ती आगीत सापडली की तिचा तवा होतो आणि आतल्या नोटांचे पापड. आगीसाठीची वेगळी. तिला दोन कातडी असतात, बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा, आणि दोन्हीच्या मधे आम्ही भरतो चुना, विटांचा चुरा आणि तुरटी. हो, तीच दाढी केल्यावर लावायची तुरटी. तुरटीच्या पोटात पाणी असतं. दिसत नाही, पण असतं. आगीत तापली की ते पाणी सोडते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होईपर्यंत आतल्या पेटीला आग शिवत नाही. म्हणजे आगीत तिजोरीला घाम येतो आणि त्या घामानं कागद वाचतो. कागद ओलसर होतो, सुरकुततो, पण जळत नाही. वाळवला की झालं.

हे घामाचं ध्यानात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

आता भोरातली गिऱ्हाइकं. त्यात सगळ्यात मोठं म्हणजे आप्पाशेठ. भाताची गिरणी, आडत, नदीपासून उंचावर दगडी गोदाम, आणि पेढीत संस्थानाच्या काळातली तिजोरी, एवढी मोठी की आत दोन माणसं पत्ते खेळत बसतील. स्वभावानं शेठ वाईट नव्हता. हसायचा, चेष्टा करायचा. त्याची आई मात्र करडी. सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. पांढरं लुगडं, हातात तांब्याचा गडू, आणि नजर अशी की कानससुद्धा बोथट व्हावी.

आम्ही बौद्ध. आमच्या लोकांनी धर्म बदलला, घरातले देव काढले, पण भोरातल्या पेढीवरच्या कोनाड्यानं काही बदललं नव्हतं. त्या कोनाड्यात माझा कप असायचा. कान तुटलेला. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की तो माझा मीच विसळून पालथा घालायचा. तिजोरीला माझा हात चालायचा. तिच्या पोटातल्या कुलपात मी कोपरापर्यंत हात घालायचो तरी चालायचं. पाण्याच्या माठाला मात्र चालायचा नाही.

बरं, तिजोरीलासुद्धा चालायचा म्हणजे काय, तर मी उंबऱ्याबाहेर पडलो रे पडलो की मोठ्या बाई गडू घेऊन यायच्या आणि तिजोरीवर गोमूत्र शिंपडायच्या. दारावर, कुलपावर, बिजागऱ्यांवर, आतल्या कप्प्यांवर. शुद्ध करायला. ही रीत एकट्या त्यांची नव्हती. बाजारपेठेतल्या अर्ध्या पेढ्यांत हेच चालायचं.

आणि गोमूत्र लोखंडावर पडलं की काय होतं? गंजतं. साधा पाण्याचा गंज वरवर बसतो, हा आत घुसतो. चार महिन्यांत लिव्हर अडकायचे, किल्ली फिरायची नाही. मग शेठचा माणूस सायकल हाणत उत्रोलीला. "बबन्या, चल, शेठची तिजोरी पुन्हा रुसली." मी जायचो, गंज काढायचो, तेल घालायचो, तुटक्या कपातून चहा प्यायचो, घरी यायचो. माझ्यामागं पुन्हा गडू. पुन्हा चार महिने. माझ्या घरातला दिवा बरीच वर्षं त्या गोमूत्रावर जळला म्हणा ना. बायको म्हणायची, "तुमाला काय वाटत न्हाई का?" मी म्हणायचो, "वाटतं की. त्यांची गाय दीर्घायुषी व्हावी असं वाटतं."

हे मी हसून सांगायचो. आत कुठं काय व्हायचं ते सांगायचो नाही.

आता पासलीची होळी. ती सांगितल्याशिवाय टेपचं कळणार नाही.

पासली म्हणजे वेल्ह्यात आत, डोंगरात, भाताचं गाव. तिथल्या सोसायटीनं माझ्याकडून आगीची तिजोरी बनवून घेतली. गाडीवाट संपल्यावर पुढं आठ गड्यांनी बांबूला बांधून नेली, मढं नेतात तशी, आणि वाटभर त्यांनी मला मेलेल्याच्या नातेवाइकाला घालतात तसल्या शिव्या घातल्या. तिजोरी देवळापुढं ठेवली. गाव जमलं. सोसायटीचे चेअरमन कोंडिबा पाटील, त्यांनी तिजोरीवर काठी वाजवली आणि म्हणाले, "बबन, आगीत ही वाचती हे कशावरून?"

मी म्हटलं, "पाटील, म्या सांगतोय त्यावरून."

"तू सांगशील रं. आग ऐकंल का तुझं?"

पोरं हसली. माझं डोकं फिरलं. दोन दिवसांवर होळी होती. मी म्हटलं, "ढकला हिला होळीत. जळली तर फुकट, आणि मी हितनं भोरापतुर उलटा चालत जातो."

ते तसले! ढकलली की त्यांनी. होळीच्या दिवशी संध्याकाळी आत काय ठेवायचं यावर गावात भांडण झालं. शेवटी कोंडिबानं आपला नवा फेटा ठेवला, कुणी पंचांग ठेवलं, आणि देवळातल्या गुरवानं, का कुणास ठाऊक, एक मेणबत्ती ठेवली. दार लावलं. भोवती गोवऱ्या आणि लाकडं रचली. पासलीकरांना सुकी लाकडं कमी नव्हती आणि मला माघार घ्यायची शरम.

होळी पेटली, बोंबा झाल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या नावानं. जाळ खाली बसल्यावर कोंडिबा म्हणाला, "उघड आता. फेटा बघू दे माझा."

इथं धंद्यातली दुसरी गोष्ट. आगीतनं निघालेली तिजोरी तापलेली असताना कधी उघडायची नाही. आतला कागद तापून पेटायच्या बेतात आलेला असतो, त्याला फक्त हवा पाहिजे असते. दार उघडलं की भडकलाच. आगीतनं वाचलेलं लोकांच्या घाईनं जळतं. मी काठी घेऊन तिजोरीपुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "उद्या. हात लावंल त्याचा हात मोडीन." आणि उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या आणि धुळवडीच्या आंघोळीचे हंडे त्यांनी सरळ माझ्या तिजोरीवर तापायला ठेवले. म्हणाल्या, निखाऱ्यापरास बरी तापती. अख्ख्या पासलीनं माझ्या तिजोरीवरच्या पाण्यानं आंघोळ केली, तेव्हा कुणी विचारलं नाही की तिजोरी कुणाच्या हातची.

दुपारी उघडली. फेटा ओलसर, पण धड. पंचांग फुगलं होतं, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कोंडिबानं फेटा पिळून डोक्याला बांधला आणि मला मिठी मारली. गुरव मात्र तोंड पाडून म्हणाला, "माझी मेणबत्ती कुठाय?" मेणबत्ती नव्हतीच. कप्प्यात मेणाचं थारोळं आणि मधे एक वात.

कागदाला जो उन्हाळा वाटतो तो मेणबत्तीला मरण असतो. एवढं मी त्या दिवशी डोक्यात ठेवलं.

यानंतर काही वर्षांनी, सत्तर सालानंतर, पुण्याच्या एका कंपनीचे इंजिनियर भोरात आले. दातार साहेब. किडकिडीत, चष्मा, बोलणं एकदम सभ्य. त्यांच्या कंपनीनं कॉम्प्युटर घेतला होता. म्हणजे खोलीएवढं यंत्र, आणि त्यात टाकलेलं सगळं टेपच्या मोठ्या चकत्यांवर उमटून राहायचं. त्याला आता डेटा म्हणतात. पानशेतचं पाणी पुण्यात शिरलेलं ज्यांनी पाहिलं होतं ते कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, टेपचा एक जोड पुण्याबाहेर ठेवा, उंचावर, आगीपासून आणि पाण्यापासून लांब. शोधता शोधता दातार साहेब आप्पाशेठच्या दगडी गोदामाशी आले. गोदामातली, पेढीला लागून असलेली एक खोली ठरली. शेठनं दुसऱ्या दिवशी बाजारात सांगायला सुरुवात केली, "पुण्याचा कॉम्प्युटर आपल्याकडं असतो." लोक खोलीच्या खिडकीतून डोकवायला लागले.

साहेबांनी मला विचारलं, "बबनराव, टेपसाठी तिजोरी होईल का?"

मी टेप हातात घेऊन वाकवून बघितली, वास घेतला. म्हटलं, "साहेब, ही मेणबत्तीची बहीण आहे."

त्यांना आधी कळलं नाही. पासलीची होळी सांगितली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर. कागद वाचतो त्याच्या निम्म्याहून कितीतरी कमी उष्णतेत टेप जाते. आणि वाफही चालत नाही. दमट झाली की मशीन ती वाचत नाही." मग आम्ही दोघं बसलो. त्यांच्याकडं पुस्तक होतं, माझ्याकडं छप्पर. ठरलं असं की पेटीत पेटी करायची. बाहेरची तिजोरी नेहमीची, तुरटीची, तिला घाम येऊ द्या. तिच्या पोटात दुसरी पेटी, आणि दोन्हींच्या मधे असं काहीतरी भरायचं की ते उष्णता पुढं जाऊ देणार नाही आणि स्वतः पाणीही सोडणार नाही. शिवाय आतल्या दाराला रबर, म्हणजे बाहेरचा घाम आत शिरणार नाही.

मधे काय भरायचं यावर अडलं. साहेबांच्या पुस्तकातलं सामान परदेशातलं. मी शेठच्या गिरणीमागं गेलो. तिथं तूस जाळून झालेल्या राखेचा ढीग असायचा. पायानं वरची राख उकरली तर आत कालचा निखारा लाल, आणि वर हात ठेवला तर गार. एवढी राख मधे असताना तो निखारा मला भाजत नव्हता. मी टोपीत राख भरून साहेबांपुढं ठेवली. त्यांनी पुण्याला नेली, भट्टीत घालून बघितली, आणि तार केली की भरा. रबरासाठी ट्रकच्या ट्यूबा कापल्या. आतलं दार लावताना असा आवाज व्हायचा, फुस्स, जसं कुणी ओठ मिटतंय.

त्या तिजोरीसारखं काम मी आधी केलं नाही, नंतरही नाही. दारावर आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं, मी छिन्नीनं माझं नाव घातलं. तेवढं लिहिता येत होतं.

साहेब महिन्याला एकदा यायचे. नवा जोड ठेवायचे, जुना न्यायचे. त्या दिवशी मलाही बोलावणं. मी रबर पुसायचो, बिजागऱ्या बघायचो, आणि घरी जायचो. किल्ल्या शेठकडं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला साहेब आले ते तोंड पाडून. पेढीत शेठ होता, मी होतो. साहेब म्हणाले, "बबनराव, टेपा वाचता येत नाहीत. डागाळल्यात, दमट झाल्यात. ऑफिसात सगळे म्हणतात तिजोरीला घाम येतो. तुरटीचं पाणी आत झिरपतंय. मला तिजोरी रद्द करायला सांगितलंय."

माझ्या तिजोरीला घाम! आग नाही, होळी नाही, सावलीतल्या दगडी खोलीत गारेगार उभ्या तिजोरीला घाम! ज्या तिजोरीवर माझं नाव होतं, तिला!

मी म्हटलं, "आधी उघडून बघू."

शेजारच्या खोलीत जाऊन बाहेरचं दार उघडलं. तिथंच मला दिसलं. बिजागरीजवळ गंजाचे ठिपके. आतलं दार अजून मिटलेलंच होतं, पण ते ठिपके माझ्या ओळखीचे होते. घाम ओघळतो, वरून खाली रेघ ओढत येतो. ठिपके पडतात ते कुणी शिंपडल्यावर. गेली कित्येक वर्षं मी या बाजारातल्या तिजोऱ्यांवरनं हेच ठिपके खरवडत आलो होतो.

मी शेठकडं बघितलं. शेठ छताकडं बघत होता.

आता बघा माझी गंमत काय झाली. बोलावं, तर शेठची अब्रू पुण्याच्या साहेबापुढं जाणार, आणि शेठची गेली की बाजारातली एकही पेढी मला उंबऱ्याशी उभं करणार नाही. माझ्या पोरांच्या पोटाचा प्रश्न. गप्प बसावं, तर माझी तिजोरी घामट ठरणार, साहेब ती उचलून बाहेर टाकणार, आणि उद्यापासून मी नुसता गंज खरवडणारा. शेठनं डोळ्यानं खुणावलंसुद्धा, जाऊ दे म्हणून. वर हळूच म्हणाला, "बबन्या, असेल काहीतरी चूक तुझी. माणूस आहेस. दुसरी बनवू की."

"माणूस आहेस" म्हणाला. नेमका तेव्हाच त्याला मी माणूस असल्याचं आठवलं.

मी म्हटलं, "साहेब, आतलं दार तुमीच उघडा. पण आधी नाक पुढं करा."

"नाक?"

"व्हय. माझं रबर जर गळकं असंल तर आत हवा खेळलेली असंल, वास राहणार न्हाई. रबर पक्कं असंल तर महिन्यामागं आत जे कोंडलं ते तसंच असंल. उघडा."

साहेबांनी दार ओढलं. फुस्स झालं. आणि महिनाभर माझ्या पक्क्या रबरानं राखून ठेवलेला तो वास गोठ्यातनं सुटलेल्या वासरासारखा बाहेर आला. साहेब दोन पावलं मागं सरकले, रुमाल नाकाला लावला. शेठनं डोळे मिटून घेतले. मी ताठ उभा. इतकं सुंदर काम मी जन्मात केलं नव्हतं.

"हे... हे काय आहे?" साहेब रुमालातून म्हणाले.

शेठ घसा खाकरत म्हणाला, "उंदीर असेल मेलेला."

तेवढ्यात मागच्या दारातनं मोठ्या बाई आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. शेठ बाजारात खोटं बोलायचा, पण त्यांनी जन्मात कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नाही. तांब्याचा गडू हातातच होता. म्हणाल्या, "उंदीर कशाला म्हणतोस रे आप्पा? गोमूत्र हाय ते. मी शिंपडलं. दर खेपेला शिंपडते. ह्याचा हात लागतो ना. लपवायचं काय त्यात?"

दातार साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोलले काही नाहीत. त्यांच्या पुण्याच्या घरीही कुठंतरी असा कोनाडा असणारच, म्हणून गप्प राहिले असतील. का माझं मन वाईट, कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "मोठ्या बाई, तुमी साहेबांच्या टेपासुदिक शुद्ध केल्या. आता त्यांचं मशीन त्यांना शिवंना झालंय."

साहेबांच्या तोंडून हसू फुटलं ते त्यांनी खोकल्यात लपवलं. शेठला हसावं का रडावं कळेना. मोठ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच नीट, आणि विचारलं, "मग न शिंपडता ठेवायची व्हय?"

"ठेवायची."

"आणि तू हात लावणार."

"आतल्या एकूण एक स्क्रूला माझाच हात लागलाय. ते कसं काढणार?"

त्या गडू घेऊन आत निघून गेल्या.

साहेबांनी मग शेठपुढं दोन गोष्टी ठेवल्या, सभ्यपणानं. एक, टेपा दुसऱ्या गावी हलवायच्या. नाहीतर आतल्या दाराची किल्ली बबनरावांकडं राहील, आणि त्यांच्याशिवाय कुणी ते दार उघडणार नाही. शेठनं अख्ख्या बाजारात कॉम्प्युटर आपला म्हणून सांगितलं होतं. आता तो गेला म्हणून कसं सांगणार? त्यानं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणजे वरून टाकली. चहासारखी.

बाजारात गोष्ट पसरली. सहा महिने एकाही पेढीनं मला बोलावलं नाही. बायकोनं एकही शब्द बोलून दाखवला नाही, आणि ते मला जास्त लागलं. मग पावसाळा आला, कुलपं अडकली. कुलपाला फक्त तेल कळतं, बाकी कशाशी त्याला घेणं नाही. एकेक सायकल उत्रोलीला यायला लागली. पण एक झालं. व्यापारी लोक हुशार. माझ्या मागं शिंपडणं त्यांनी बंद नाही केलं, तिजोरीऐवजी उंबऱ्यावर शिंपडायला लागले. उंबरा लाकडाचा, तो कशाला गंजतोय? तिजोऱ्या टिकायला लागल्या आणि माझा धंदा निम्म्यावर आला. जिंकलो तो असा.

ती टेपची तिजोरी बरीच वर्षं चालली. एकही टेप पुन्हा खराब झाली नाही. आगसुद्धा कधी लागली नाही, याचं मला, खरं सांगू, थोडं वाईटच वाटतं. पुढं कंपनीनं पुण्यातच काहीतरी नवं केलं, टेपा नेल्या, आणि तिजोरी भंगारवाल्याकडं गेली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलो तर त्यानं ती कापलेली. राख सगळीकडं सांडली होती. माझ्या नावाचा पत्रा तरी मिळतो का म्हणून शोधला. नाही मिळाला.

पण त्याच्या आधीची, किल्ली माझ्याकडं आल्यानंतरची पहिली दिवाळी सांगायची राहिली.

लक्ष्मीपूजनाला पेढीतल्या तिजोऱ्यांची दारं उघडून पूजा करायची, ही शेठच्या घरची रीत. बंद तिजोरीची पूजा चालत नाही. आणि टेपच्या तिजोरीचं आतलं दार माझ्याशिवाय उघडणार नाही. मी आधीच साहेबांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, टेपा बाहेर काढून ठेवा आणि आत दिवा जाऊ देऊ नका, बाकी करू द्या. दिवसभर मी छपरात बसून होतो. तिसऱ्या प्रहरी सायकल आली. "बबन्या, चल. मुहूर्त हाय." मी म्हटलं, "बबन्या घरात न्हाई." पोऱ्या गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. "बबन मिस्त्री, बोलावलंय." मग मी सदरा घातला.

पेढीत रोषणाई. शेठ नव्या धोतरात, घामाघूम. मोठ्या बाई ताट घेऊन उभ्या. भटजी पंचांगात बघून बोटं मोजत होते. मी आलो आणि बाकावर बसलो. बाकावर. खाली नाही.

शेठ म्हणाला, "अरे बसतोस काय? उघड. मुहूर्त चाललाय."

मी म्हटलं, "चालत आलोय उत्रोलीवरनं. आधी चहा."

गडी कोनाड्याकडं वळला, कान तुटलेल्या कपाकडं. मी म्हटलं, "त्यातनं न्हाई."

सगळे थांबले. भटजींनी पंचांग मिटलं. शेठ आईकडं बघायला लागला. मोठ्या बाई माझ्याकडं बघत होत्या आणि मी किल्लीकडं. पणत्या तडतडत होत्या. मी देव मानत नाही, पण त्या वेळी मुहूर्त ही चीज किती कामाची आहे ते मला पटलं.

मोठ्या बाई गड्याला म्हणाल्या, "घरातला कप आण."

गड्यानं आणला. बशीसकट. पांढराशुभ्र, निळ्या काठाचा. बाईंनी स्वतः ओतला, आणि टेबलावर ठेवला, हातात नाही दिला. मी सावकाश प्यालो. साखर जरा कमी होती, पण मी बोललो नाही. कप बशीत सरळ ठेवला, पालथा नाही घातला, विसळलाही नाही. टेपा काढून बाजूला ठेवल्या, दार उघडलं. पूजा झाली. बाईंनी हळद-कुंकू वाहिलं, माझ्या नावाच्या बरोब्बर वर. त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यानंतर जेवढ्या दिवाळ्या ती तिजोरी तिथं होती, तेवढ्या दिवाळ्यांना मी त्या कपातनं चहा प्यालो. लोकांना सांगतो तेव्हा छाती फुगवून सांगतो. पण मी जन्म घालवला तो कुठल्या लोखंडावर कुणी काय शिंपडलं हे गंजावरनं ओळखण्यात. आणि मी उठून गेल्यावर त्या कपावर काय शिंपडलं जायचं, का नाही जायचं, ते मात्र मला आजतागायत माहीत नाही. चिनी मातीला गंज चढत नाही.